ज्वारीच्या कोठीतलं गाणं

अंबडच्या स्टँडवर मी छत्रपती संभाजीनगरच्या गाडीत बसले होते. मांडीवर धपाट्यांचा डबा होता. दवाखान्यातल्या जेवणाला चव नाही म्हणून रेखानंच ते मागवले होते. तेवढ्यात तिच्यासोबत गिटार वाजवणाऱ्या इरफानचा फोन आला. "अक्का, आता जल्दी करू नका..." एवढंच तो म्हणाला. माझी धाकटी बहीण गेली होती.

रेखा स्वतः गाणी लिहायची, चाली लावायची, गायची. तिच्या 'कोरडा पूर' या अल्बममध्ये आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, इरफानची इलेक्ट्रिक गिटार होती, इंग्रजी गाण्यांत 'सोल' म्हणतात तसं आतडं पिळून गाणं होतं आणि मधूनच सगळं गरगरायला लागायचं. त्याला सायकेडेलिक म्हणतात, हे मला तिनंच सांगितलं. पण ते गरगरणं कुठल्या यंत्रातून आलेलं नव्हतं. आमच्या शहागडच्या घरात ज्वारीची पत्र्याची कोठी आहे, पुरुषभर उंच. ती रिकामी झाली की रेखा आत माईक सोडायची, स्टुलावर चढायची आणि कोठीच्या तोंडाशी वाकून गायची. आवाज आत फिरून, जाड होऊन वर यायचा. "अक्का, इतक्यात ज्वारी भरू नको न. अजून एक गाणं राह्यलंय." मी चिडायचे आणि पोती पुन्हा भिंतीला लावायचे.

अल्बम आला तेव्हा गावानं तिची टर उडवली. सगळ्यांत पुढे आमचे चुलते, नाना. "वहिनीच्या ओवीला करंट लावला पोरीनं," असं ते चहाच्या टपरीवर सांगत सुटले. तिच्या कार्यक्रमाला गावातलं एक माणूस फिरकलं नाही. आणि तिच्या तेराव्याला याच नानांनी मांडव घातला, बॅनरवर 'लोककला जपणारी कन्या' छापलं आणि स्पीकरवर तिचं गाणं लावलं. ऐकते तर काय, गिटार नाही, घुमणं नाही... नुसता सोलून काढलेला आवाज.

"जालन्याहून साफ करून आणलं," नाना कौतुकानं म्हणाले. "ते विलायती घुमणं काढून टाकलं. आता बराबर आपलं वाटून राह्यलं."

इरफान मान खाली घालून बसला होता. मी उठले आणि पाहुण्यांसमोर स्पीकरची वायर उपटली. त्याची मला आजही लाज वाटत नाही. जिवंतपणी जिचं गाणं यांना ऐकवलं नाही, ती मेल्यावर तिची दुरुस्ती करायचा अधिकार यांना दिला कोणी?

मागच्या आठवड्यात नाना घरी आले. "ती कोठी दे मला. रिकामीच हाय, अन् माझी ज्वारी उघड्यावर पडली."

"न्या. पण आधी तिच्यात वाकून आईची एक ओवी म्हणा."

ते हसले, पण स्टुलावर चढले. एक ओळ म्हटली. आवाज आत फिरला, जाड झाला, वर आला. नाना तसेच वाकलेले राहिले...

"हे तं आपल्या कोठीचं हाय," ते हळूच म्हणाले.

"मंग काय विलायतेचं हाय?"

कोठी न घेता ते गेले. पण रेखाचं गाणं, तिनं केलं तसं, गावात अजून कुणी लावलेलं नाही. यंदाची माझी ज्वारी पोत्यांतच आहे. उंदीर खातील तर खाऊ देत. कोठी रिकामीच राहील, आणि स्टूलही तिथून हलणार नाही.