वानराचं उष्टं

बायनाबाईचा नवरा एड्सने गेला तेव्हा तिचीही तपासणी झाली आणि तोच एचआयव्ही तिच्या रक्तातही निघाला. तेव्हापासून ती बीडहून गोळ्या आणते, रोज न चुकता घेते. अंगाने ठणठणीत. पण आमच्या पाटोद्याकडे ऊसतोडीला जोडीने जावं लागतं. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. तिच्या जोडीला कुणी उभं राहीना. मोळ्या वाहणारी ही बाई मग शेळ्यांमागे फिरू लागली. मी गावची आशाताई, घरोघरी आरोग्याचं बघणारी. तिच्याकडे जाते म्हणून माझ्यावरही नाकं मुरडतात. मुरडोत बापडे.

त्यात शिवशंकर सुट्टीला आला. पुढारी अर्जुनरावांचा हा मुलगा बीडला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. हनुमान जयंतीला देवळासमोर चार शब्द बोला म्हटल्यावर तो चारांवर थांबतोय थोडाच! म्हणाला, हा विषाणू मूळचा आफ्रिकेतल्या माकडांचा. तिथल्या काही माकडांच्या अंगात तो हजारो वर्षं आहे, तरी ती आजारी पडत नाहीत. त्यांचं शरीर आधी लढतं, मग शांत होतं. माणसाचं शरीर मात्र भडकत राहतं आणि झिजतं.

पोरगा खोटं बोलला नाही. गावाने ऐकलं ते मात्र भलतंच.

"मारुतीरायाच्या लेकरांना ह्यो रोग बाधतच न्हाई," अर्जुनरावांनी तिथंच निकाल दिला. आमच्याकडे शनिवारी देवळापाशी वानरांना केळी घालतात, मग गावाची पंगत बसते. ठरलं, वानराने चावून टाकलेलं केळं बायनाबाईने खायचं, म्हणजे त्याचा गुण तिला लागेल. अट एकच, गोळ्या बंद. "देवावर बी इस्वास आन् गोळीवर बी, आसं चालत न्हाई."

मी ते डोळ्यांनी पाहिलंय. लाळेने चिकट, मातीत लोळलेलं, दात उमटलेलं केळं, वर माशा. ते तिच्या ओंजळीत वरून टाकायचे, हात लागू न देता. ती खायची आणि बाया कौतुकाने बघायच्या. मला ओकारी आली. केळ्याची नाही, त्या कौतुकाची.

शिवशंकरला फोन लावला. म्हणाला, "ताई, मी आफ्रिकेतलं सांगितलं. आपल्या वानरांत तो विषाणूच नसतो."

"मग येऊन सांग ना गावाला."

"आबांपुढं कसं बोलू?"

त्याच्या त्या मऊ आवाजाची अशी किळस आली की फोनच आपटला.

बीडच्या प्रियदर्शनी डॉक्टरीणबाईंनी मला पुढचं सांगितलं. चिंपांझींनाही या विषाणूची लागण होते. त्यांना काही होत नाही असंच शास्त्रज्ञ धरून चालले होते. जंगलात नीट लक्ष ठेवलं तेव्हा कळलं की तेही झिजतात आणि लवकर मरतात. हे मी धावत बायनाबाईला सांगितलं, तर ती हसली.

"केळानं काय व्हतंय, ताई? मला काय येडी समजता? पर शनवारी मला पंगतीला बसवत्यात. मालक गेल्यापून कुणी बसवलं नव्हतं."

गोळ्या तिने खरंच सोडल्या होत्या. त्या पंगतीसाठी ती जीव घालवत होती, आणि पंगतीतल्या एकालाही त्याचं काही नव्हतं. लाज वाटली मला या गावात राहायची.

दिवाळीपर्यंत तिचं तोंड आतून पांढरं पडलं, ताप हटेना, मग न्यूमोनिया. मी तिला जीपमध्ये घालून बीडला नेलं. मागे गाव म्हणालं, इस्वास कमी पडला. दवाखान्यात महिना गेला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. शुद्धीवर आल्यावर ती माझा हात धरून एवढंच म्हणाली, "आता न्हाई सोडायची."

चैत्रात ती चालत गावजेवणाला आली. तिला बघताच अर्जुनराव उठले. "बघा! ठणठणीत! ह्यो परसादाचा गुण!" टाळ्या पडल्या. त्यांनी तिला थेट स्वतःशेजारी बसवलं. या माणसाच्या जिभेला काही हाडच नाही, मला वाटलं.

बायनाबाईने पदराची गाठ सोडली, गोळी काढली, सगळ्यांदेखत तोंडात टाकली. अर्जुनरावांच्या पुढ्यातला तांब्या उचलून तोंड लावून पाणी प्याली. मग तोच तांब्या त्यांच्यापुढे धरला.

"बरी झाले नव्हं, आबा? घ्या, पाणी प्या."

पंगतीत कुणी घास उचलेना. अर्जुनराव तांब्याकडे बघत राहिले. तिचा हात दुखेपर्यंत तिने तो तसाच धरून ठेवला.