न झालेली तपासणी

श्टिप गावातल्या शर्टांच्या कारखान्यात ब्लागुना माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. कॉलर शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण दिवसभर ती पाण्याचा घोट घ्यायची नाही. संडासला जायचं तर मुकादम मेतोदीला विचारावं लागे आणि तो सगळ्यांदेखत ओरडे, "आत्ताच जाऊन आलीस ना गं? तुझं मशीन तिथंच नेऊन ठेवू का?"

मग लघवीला जळजळ सुरू झाली. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टर स्पासोव्हांनी तिला बसूही दिलं नाही.

"थंड फरशीवर बसली असशील. तुम्हा बायकांना सांगून उपयोग नाही."

"डॉक्टर, लघवी तपासून बघता का?"

"त्यात काय बघायचंय? तुझ्या तोंडाकडे बघून सांगतो मी."

गोळ्यांनी बरं वाटलं. पुन्हा जळजळ, पुन्हा त्याच गोळ्या. पुढे पुढे तर औषधाच्या दुकानातली पोरगी चिठ्ठी न मागताच पाकीट सरकवायची. वर्षानुवर्षं हेच. नवरा म्हणे, "तुझं रोजचंच रडगाणं," आणि भिंतीकडे तोंड करून झोपे.

हिवाळ्याच्या बेगमीसाठी मिरच्या भाजायच्या दिवसांत एकदा तिला हुडहुडी भरून ताप आला. कंबरेत डावीकडे हात लावू देईना. राजधानीत, स्कोप्येच्या हॉस्पिटलात पहिल्यांदा कुणीतरी तिची लघवी कल्चरला लावली; जंतू कुठला आणि कशाने मरतो ते त्यात कळतं. रिपोर्ट आला तेव्हा मी खाटेपाशीच होते.

"जंतू साधाच आहे," तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुमच्या त्या गोळ्यांना तो दादच देत नाही. आधी तपासलं असतं तर दुसरं औषध देता आलं असतं."

"आधी म्हणजे कधी?" ब्लागुनाने विचारलं.

बाईंनी नव्या औषधाचं नाव कागदावर लिहिलं. इंजेक्शनं सुरू झाली, पण उशीर झाला होता. पू झालेलं डावं मूत्रपिंड काढावं लागलं.

घरी आल्यावर तिने तो रिपोर्ट स्पासोव्हांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि परत दिला. "एका मूत्रपिंडावरही माणूस छान जगतो," म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

"शिवी घालायची होती गं," ती मला म्हणाली, "पण तोंडातून 'आभारी आहे' निघालं. मेली सवय!"

कारखान्याने तिला परत घेतलं नाही. तिच्या जागी तिचीच मुलगी ताशा लागली. ब्लागुनाने तिला अडवलं नाही, शुभेच्छाही दिल्या नाहीत. गावात दुसरं काम नव्हतं.