काठाचा एक धागा

बाबालालभाई रंगारी गेल्याची बातमी त्यांचा मुलगा दस्तगीर स्वतः घेऊन आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता हा काहीतरी मागणार. खोटं कशाला सांगू? माझा स्वभावच संशयी. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभं आयुष्य काढलं. तिथं बाटलीवरच्या चिठ्ठीवरसुद्धा विश्वास ठेवू नका, असं मी पोरींना शिकवत आले. आणि माणसांवर तर... जाऊ दे. दस्तगीरनं काही मागितलं नाही. पिशवीतून एक जाडजूड वही काढून माझ्या हातात दिली. “वैनी हाईत तवर नगं म्हणायचे अब्बा. आता द्यायला सांगून गेलेत,” एवढंच म्हणाला आणि चहालाही न थांबता जिना उतरला. वैनी म्हणजे माझी आई. ती मागच्या वर्षी गेली. दस्तगीर वही देऊन गेला त्याला पाच-सहा आठवडे झाले.

ती वही मी चांगली ओळखत होते. रंगायला आलेल्या प्रत्येक कापडाच्या काठातून बाबालालभाई आधी दोन धागे उपसायचे. एक वहीत टाचून खाली गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे, दुसरा काडीनं पेटवून हुंगायचे. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर, कागद जळल्याचा आला तर सूत, आणि वितळून टणक मणी झाला तर टेरिलीन, ज्याचं तेव्हा सगळ्या कोल्हापुराला वेड लागलं होतं. प्रत्येकाचा रंग निराळा. रेशमाचा रंग सुतावर टिकत नाही, धुतला की निघून जातो. असं का होतं हे मी फळ्यावर तासभर आकृत्या काढून सांगायचे. चौथी शिकलेल्या या माणसाला ते नाकानं कळायचं, आणि त्याचा मला थोडा रागही होता.

अठरा वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी आईनं पेटीतून तिची अंजिरी साडी काढली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी वडिलांनी बंगळूरहून आणलेलं अस्सल रेशीम, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. वडील तेव्हा हयात नव्हते. त्यांनी तिला दुसरं काही आणल्याचं मला तरी आठवत नाही. साडीचा रंग विटला होता, म्हणून आम्ही दोघी बाबालालभाईंकडे गेलो.

“बंगळुरी रेशीम आहे बरं का, भाऊजी. जपून,” आई म्हणाली.

त्यांनी धागा पेटवला, हुंगला, आणि आईकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “लई जिवापाड जपलंय, वैनी. कुठला रंग द्यायचा?”

आठवड्यानं साडी आली ती डाळिंबी होऊन, देखणी. पण घडी मोडताना पदराजवळ टरकन फाटली, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. दुसऱ्या दिवशी एक धागा कॉलेजात नेऊन बर्नरवर धरला. कागदाचा वास! तशीच दुकानात गेले. डाळिंबी रंगाचं पिंप दारातच होतं आणि वरच्या डब्यावर लिहिलं होतं, सुतासाठी. झालं. सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात मी त्यांना चोर म्हणाले. आमचं रेशीम ठेवून घेतलंत आणि दुसरीच साडी रंगवून दिलीत, म्हणाले. समोरचा पानवाला टपरीतून खाली उतरून ऐकत होता.

बाबालालभाईंनी हात पुसले. “वैनींना काय सांगितलासा?”

“खरं ते सांगितलं. तुम्ही साडी बदललीत म्हणून.”

“मग ते तसंच असू द्या, बाई,” ते म्हणाले.

मी ती कबुलीच धरली. घाबरलाय, म्हटलं. आई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी डोळे पुसून म्हणाली, “साडी गेली तर गेली. त्यांनी आणली होती, हे कुठं जातंय?” इकडे बाबालालभाईंची भारी कापडाची गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. मीच ओळखीपाळखीत सगळीकडे सांगत होते ना! पुढं पुढं ते नुसते फेटे रंगवायचे. रस्त्यात भेटले तर आधी नमस्कार तेच करायचे, आणि मला त्यातही कावा दिसायचा.

आणि आता ही वही. आईच्या नावाचं पान सापडलं, त्यावर अंजिरी धागा. माझं मन लगेच म्हणालं, मागाहून टाचला असेल, कोण बघायला गेलंय? वही मिटून मी बाजूला ठेवली. दोन दिवस ती तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता एकदम आठवलं... चोळी! त्याच साडीच्या टोकाची, साडी नवी असतानाच आईनं शिवून घेतलेली चोळी. ती रंगायला दिलीच नव्हती. आमच्याच पेटीत होती, अठरा वर्षं.

शिवणीच्या आतल्या दुमडीतून कापडाचाच एक धागा उपसला, गॅसवर धरला. कागद. शुद्ध कागद! लाकडाच्या लगद्यातून काढलेलं बनावट रेशीम, वडिलांच्या काळीही बाजारात मिळायचंच. ते फसले की त्यांनी आईला फसवलं, कोण जाणे. पोरींना दर वर्षी बजावायचे, प्रयोगाआधीचा नमुना राखून ठेवा, नाहीतर काय बदललं ते कळणार कसं? आणि मी नंतरचा धागा जाळून मोकळी झाले. आधीचा नमुना त्या चोर म्हटलेल्या माणसानं राखला होता. साडी चोरीला गेली तर आईची साडीच जाणार होती. ती मुळातच खोटी होती हे कळलं असतं, तर तिचा नवराही गेला असता. म्हणून हा माणूस चोर होऊन राहिला. मी ओट्याशी उभी राहून रडले. लाज वाटली, अजून वाटते.

परवा चोळी आणि वही घेऊन दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं बसली होती, पानवालाही होता, आता म्हातारा झालाय. वही पिशवीतच ठेवून चोळी दस्तगीरपुढं केली. म्हटलं, “आईची आहे. बंगळुरी रेशीम.” त्यानं सवयीनं काठाचा धागा उपसला, पेटवला, हुंगला. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिला.

“लई जपलंय, बाई. कुठला रंग द्यायचा?”

“कागदाचा वास आला ना?” मी विचारलं. तो खाली बघायला लागला. “तुझ्या अब्बांनाही आला होता,” मी म्हणाले. “साडी त्यांनी बदलली नव्हती. पहिल्यापासून ती अशीच होती. चोर मी त्यांना उगाच म्हणाले.” आवाज अठरा वर्षांपूर्वी चढवला होता तेवढाच चढवला. पानवाला पुन्हा टपरीतून उतरला.

मी वही काढून आईचं पान उघडलं. दस्तगीरनं सुई घेतली आणि चोळीचा दुसरा धागा अंजिरी धाग्याशेजारी टाचला. खाली नाव मी लिहिलं, बाबालालभाईंचं.