खंडेनवमीला बंद ठेवलेला सर्व्हर

आधीच सांगतो, भुताखेतांच्या या ग्रुपवर मी फक्त वाचायला असतो. आणि खरं म्हणजे निम्मं वाचून हसायला. बाभळीखालची बाई, मागून येणारी पावलं... असलं काही मला आजवर दिसलेलं नाही. माझा धंदाच तसा आहे हो! मी नेटवर्किंग शिकवतो. वायर लावली की चालू, काढली की बंद. मधलं काही नसतं. निदान नसायला हवं.

कॉलेज आमचं देवळाली प्रवराजवळ — राहुरी तालुक्यातलं देवळाली, नाशिकचं नव्हे, लोक दरवेळी घोळ घालतात. चहूबाजूंनी ऊस, मधे आमची इमारत, पहिल्या मजल्यावर लॅब. पोरं नवीन येतात तेव्हा सर्व्हर म्हणजे 'तो डाऊन असतो तो' एवढंच त्यांना ठाऊक असतं. मी म्हणतो, बाबांनो, सर्व्हर म्हणजे हाक मारली की ओ देणारा गडी. मागाल ते आणून देतो आणि झोपत नाही. आयपी म्हणजे त्याचा पत्ता, पिंग म्हणजे हाक. ओ आली नाही तर आधी वायर बघा, मग देवाला बोल लावा.

एका बॅचला वैशाली होती. पाथर्डी तालुक्यातली, आईवडील दोघंही ऊसतोडीला जाणारे. पोरगी हुशार, पण तोंडानं फटकळ. एकदा भर वर्गात मला म्हणाली, "सर, तुम्ही रागावता लई, पण शिकवता चांगलं." लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर तिनं स्वतःचा सर्व्हर उभा केला होता, घरूनही लॉगिन करता येईल असा. पुण्याच्या एका कंपनीत तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू ठरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात हाच सर्व्हर चालवून दाखवायचा होता. वडिलांनी आधीच बजावलेलं — नोकरी लागली तर ठीक, नाहीतर यंदा तूही कोयता घे आणि आमच्याबरोबर फडात चल. सणाला घरी जाताना पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं.

आता खंडेनवमी. त्या दिवशी शेतकरी औत-कोयता पुजतो, आम्ही कॉम्प्युटर. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत चालवायचं नाही. आदल्या वर्षी आमच्या शिपाईमामांनी भक्तिभावानं कुंकवाचं ओलं बोट थेट लॅनच्या भोकात घातलं होतं. पोर्ट कायमचा गेला. म्हणून त्या वर्षी सगळं मी स्वतः केलं. सर्व्हर शटडाऊन केला, राऊटर बंद, यूपीएस बंद, प्लग काढून टेबलावर ठेवले, मेन स्विच खाली ओढला. मग म्हटलं, मामा, आता लावा किती लावायचं ते.

खालच्या मजल्यावर आरती झाली, पेढे वाटून झाले. मग मोबाईल बघतो तर आरतीच्या आधीच येऊन गेलेले वैशालीचे मिस्ड कॉल, आणि मेसेज. "सर, कंपनीवाले इंटरव्ह्यू आजच घेतायत, आत्ता! सर्व्हर चालू आहे ना?"

तसाच लॅबकडे पळत सुटलो. जिना चढता चढता ओरडलो, "मामा, मेन टाका, मेन!"

मामा खालूनच म्हणाले, "आत्ताच पूजा झाली की सर! दसऱ्याबिगर हात न्हाई लावायचा."

तेवढ्यात तिचाच फोन. हसत होती की रडत होती, कळेना.

"सर, झालं! लॉगिन झालं, सगळं दाखवलं. त्यांनी नवीन युजर तयार करायला लावला, मी आईचं नाव दिलं. सिलेक्ट झाले सर! तुम्ही सणाला पण मशीन चालू ठेवलंत..."

मी लॅबच्या दारात उभा. समोर तिचा सर्व्हर — झेंडूचा हार, कपाळाला लावावं तसं हळदकुंकू, आणि प्लग बाजूला टेबलावर पडलेला. एकही दिवा लागलेला नाही. हात लावून बघितला, गार.

"अभिनंदन बाळा," एवढंच म्हणालो.

दसऱ्याला वर आपट्याचं पान ठेवून मीच मशीन चालू केलं. म्हटलं, पोरीनं चुकून दुसऱ्याच मशीनवर लॉगिन केलं असेल. युजरची नावं काढली. सगळ्यात खाली, इंग्रजी अक्षरांत — सुमन. तयार झाल्याची वेळ आमच्या आरतीची. अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू! पण भीती म्हणाल तर वाटली नाही. उलट बरंच वाटलं.

कारखान्यावर निघायच्या दिवशी वैशालीची आई कॉलेजात आली. ट्रक बाहेर रस्त्याला थांबलेला, त्यात बिऱ्हाड भरलेलं.

"सर, पोरगी म्हनती तुमी सनासुदीचं बी मशिन बंद ठिवलं न्हाई. लई उपकार झाले बगा."

खरं सांगावं तर कसं सांगावं? मी त्यांना लॅबमध्ये नेलं आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "सुमनताई, हे तुमचं नाव."

"माजं? आन् ह्ये कुनी लिव्हलं?"

"वैशालीनं," मी म्हणालो. म्हणालो खरा.

बाईंनी दोन बोटं त्या अक्षरांवर ठेवली, मग कपाळाला लावली. "औंदा ती न्हाई येनार फडात," म्हणाल्या. मला नव्हे, स्वतःलाच सांगत होत्या. पदरानं डोळे पुसून झपझप जिना उतरल्या.

वापरात नसलेलं अकाउंट काढून टाकावं, असं मी दरवर्षी शिकवतो. हे काढलेलं नाही. नेटवर्किंगवाल्या मित्रांना विचारून झालं. प्रत्येकानं दोन शंका काढल्या आणि प्लगचं सांगितलं की विषय बदलला. तुमच्यापैकी कुणी खाली "यूपीएस चालू राहिला असेल" असं लिहिणार असाल तर कृपा करून लिहू नका, तो मी माझ्या हातानं बंद केला होता. त्या सकाळी पोरीच्या हाकेला ओ कुणी दिली, मला माहीत नाही. वैशाली त्या वर्षी उसाच्या फडात गेली नाही, एवढं मात्र माहीत आहे.