अंगठा हलवून दाखवा

यादी केल्याशिवाय मी प्रवासाला निघत नाही. दादाला हैदराबादच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हाही फाइल, सतरंजी, सैल कपडे, चहाचा थर्मास असं सगळं लिहून काढलं, आणि पूर्णेहून गाडीत बसताना एकेक वस्तू तपासून घेतली. डॉक्टर पुढे काय सांगणार होते त्याची तयारी मात्र माझ्याजवळ नव्हती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ताडकळसजवळच्या गावात त्याची मेंढरं. उजव्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली होती. सलाइनमधून दिलेल्या केमोने अंगातली ताकद गेली, गाठ होती तेवढीच राहिली, आणि खोकल्यातून रक्त पडायला लागलं. म्हणून हा दुसरा इलाज. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी छातीपर्यंत न्यायची आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीतच औषध सोडायचं. गाठ जाईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. रक्त थांबेल, दम लागणं कमी होईल, एवढंच म्हणाले.

मग त्यांनी हिंदीत समजावलं. पाठीच्या मणक्यातल्या मज्जारज्जूला रक्त देणारी एक अगदी बारीक धमनी कधी कधी त्याच फांदीवर असते. आधी फोटो काढून ती शोधतात. तरी चुकून औषध तिच्यात गेलं, तर पाय लुळे पडू शकतात. क्वचितच होतं, पण सांगायला हवं.

तोवर दादा खिडकीकडे बघत होता. पायांचं निघालं तसा वळला.

"मंग नको," म्हणाला.

बाहेर बाकावर वहिनी भडकली. "दमच न्हाई ऱ्हायला तर पाय काय कामाचे?"

"अन् पाय न्हाई तर दम घेऊन काय करू? खाटंवर बसून तुझं बोलणं ऐकू?"

"ऐका की! जल्मभर मेंढरामागं फिरलाव, माझं कवा ऐकलं?"

तिचं खोटं नव्हतं. दादा भाकरसुद्धा उभ्याने खायचा. सुगी सरली की मेंढरं घेऊन चारठाण्याकडच्या माळापर्यंत जायचा. फोन केला की विचारायच्या आधीच सांगायचा, "चालायलोय."

मी मध्ये पडले नाही. माझं मत होतं, पण पाय त्याचे होते.

सकाळी त्यानेच मला विचारलं, "माय, फोटू साफ आला तर ती बारीक शीर दिसती ना?"

"दिसते. पण फोटो काढताना श्वास धरावा लागतो. खोकला आला की फोटो हलतो."

"मंग धरायला शिकव."

लॉजच्या खोलीत आमची शिकवणी सुरू झाली. मी डॉक्टरांसारखं "सांस रोको" म्हणायची, तो छाती फुगवून धरायचा, आणि मध्येच खोकल्याची उबळ यायची. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "बिडी वडताना बरा दम धरत व्हता!" दादा हसला, त्यानेही खोकला आला. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी त्याला आत नेलं. भूल फक्त जांघेपुरती, तो पूर्ण जागा. दाराबाहेर आम्हाला आवाज येत होता. "सांस रोको." मग खोकला. आत सगळे थांबले. पुन्हा "सांस रोको." या वेळी खोकला आला नाही.

बाहेर आणला तेव्हा जांघेवर घट्ट पट्टी होती आणि तो पाय सरळ ठेवायचा हुकूम. डॉक्टर पायथ्याशी उभे राहिले. "अंगूठा हिलाओ."

दादाने डोळे मिटून घेतले. अंगठा हलला नाही.

"हलवा की!" वहिनीचा आवाज चिरकला.

मग हलला. आधी डावा, मग उजवा.

"इतका येळ का लावला?"

"भ्या वाटलं," दादा म्हणाला. हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

रक्त थांबलं. त्या हिवाळ्यात दादा पुन्हा मेंढरांमागे गेला. पूर्वीसारखा नाही, बसत बसत, अर्ध्या वाटेवरून पुतण्याच्या मोटारसायकलवर. फोनवर मात्र "चालायलोय" म्हणाला, आणि मागून मेंढरांचा आवाज आला.

उन्हाळ्यात रोग यकृतात पोचला. एका जागी सोडलेलं औषध आता पुरणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही त्याला घरी आणलं. मी गेले की दारातूनच विचारायची, "दादा, अंगठा?" आणि पांघरुणाखाली हालचाल दिसायची. नंतर बोलणं बंद झालं, तरी ती दिसायची.

शेवटच्या दिवशी मी विचारलं नाही. पायथ्याशी चादरीच्या घड्या करत बसले होते. पांघरूण सरकलं होतं. त्याचे अंगठे आपोआप हलत होते, आधी डावा, मग उजवा, परत डावा.

वहिनी वाकून म्हणाली, "कुठं निघालाव?"

तिने पांघरूण छातीपर्यंत ओढून नीट केलं. पाय तेवढे उघडे ठेवले.