उकव्याचं अंतर

आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारे सगळे सराईत दिसतात. माझं शिक्षण हिंदी माध्यमात झालं. घरात मराठी बोलायचो, पण लिहायची सवय कधीच नव्हती. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं कोणाला दाखवावं असंही कोणी नव्हतं. काही वेडंवाकडं झालं तर सांभाळून घ्या.

दुसरं म्हणजे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आमच्याकडे जंगल जवळ, म्हणून चकव्याच्या आणि झाडावरच्या बायांच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ. मी त्यांना हसायचो. आजही मी काही पाहिलं असं म्हणत नाही. मी फक्त आकडे ऐकले... तेही भर दुपारी, खोलीभर माणसांमध्ये.

छत्तीसगड वेगळं होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. बालाघाटला काली पुतली चौकाजवळ, एका कापड दुकानाच्या वर आमचा नेटवर्किंगचा क्लास होता. मी लालबर्‍याचा. वडील तिथल्या राइस मिलमध्ये पोती उचलायचे. बी.एस्सी. करता करता मी या क्लासला लागलो, कारण ते सर्टिफिकेशन झालं की नागपूर-पुण्याला नोकरी मिळते असं सगळे म्हणायचे. राउटिंग, स्विचिंग हे शब्द मला पहिले कित्येक दिवस नीट उच्चारताही येत नव्हते.

क्लासमध्ये जुने राउटर, म्हणजे नेटवर्कमध्ये डेटाला वाट दाखवणारी मशीन, दोनच, स्विच एक. आणि लाइट! तेव्हा मध्य प्रदेशात लाइट किती जायची हे ज्यांनी भोगलं त्यांनाच माहीत. दुपारी गेली की मशीन बंद. पण आमचे सर नागपूरचे, वेळ वाया घालवणारे नव्हते. लाइट गेली की ते आम्हालाच राउटर करायचे.

हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे.

आम्ही खुर्च्या गोल मांडून बसायचो. प्रत्येकाचं नाव म्हणजे त्याचं गाव. मी लालबर्रा. माझ्या डावीकडे कीर्ती, ती वारासिवनी. उजवीकडे खिडकीपाशी प्रमोद, तो उकवा. त्याच्या पलीकडे नंदू, तो रामपायली. बाकीचे असेच. राउटरला अख्खं जग दिसत नाही, त्याला फक्त शेजारी कळतो. तसंच आम्हीही फक्त शेजाऱ्याशी बोलायचो. सरांनी टाळी वाजवली की कोणतं गाव आपल्यापासून किती टप्पे दूर, ते शेजाऱ्याला सांगायचं. ऐकणाऱ्याने त्यात एक मिळवायचा आणि पुढे सांगायचा. एक म्हणजे अगदी शेजारी, मधे कोणी नाही. पंधरापर्यंत चालतं. सोळा म्हणजे तिथे पोहोचता येत नाही, ते नाव पुसून टाका. राउटरांचा सगळ्यात जुना, सोपा प्रोटोकॉल, म्हणजे आपसात बोलायची रीत, अशीच चालते. शेजारी जे सांगेल ते खरं मानायचं, हा तिचा एकच नियम.

आम्हाला त्यात मजा यायची. एकमेकांना गावाच्याच नावाने हाका मारायचो. "ए लालबर्रा, झोपला का? दोनदा सांगतलं नं तुले!" असं कीर्ती ओरडायची.

प्रमोद माझा रूम पार्टनर. त्याचे वडील, किसनकाका, उकव्याला मॅंगनीजच्या खाणीत. प्रमोद आमच्यात हुशार, म्हणून पहिल्यांदा परीक्षेला तोच गेला, नागपूरला. ती परीक्षा कॉम्प्युटरवर असते, निकाल तिथेच पडद्यावर येतो. प्रमोद थोडक्यात नापास झाला. पण पीसीओवरून घरी फोन लावला आणि काकांचा आवाज ऐकला तेव्हा त्याच्या तोंडून निघालं — "पास झालो."

तो घरी पोहोचायच्या आत खाणीच्या कॉलनीत पेढे वाटून झाले होते. गणपती मंडळाने त्याला शाल-श्रीफळ दिलं. उकव्याचा पहिला कॉम्प्युटर इंजिनिअर! मग खाणीच्या ऑफिसातल्या एका साहेबाने कौतुकाने म्हटलं, "सर्टिफिकेट लाओ भाई, हम भी तो देखें." त्याच आठवड्यात प्रमोदने रायपूरला नोकरी लागल्याचं सांगितलं आणि निघून गेला. खरं काय ते फक्त मला माहीत होतं. जाताना त्याने माझ्याकडून शपथ घेतली होती.

नंतर त्याचा काही पत्ता नाही. फोन नाही, काही नाही.

किसनकाकांची सुटी गुरुवारची. दर गुरुवारी ते बैहरकडून येणाऱ्या बसने बालाघाटला यायचे, क्लासच्या खाली चहाच्या टपरीवर बसायचे, आणि मी उतरलो की विचारायचे, "बाबू, काही फोन-गिन आला का पम्याचा?"

"नाही काका."

"कामात असन. नवी नोकरी हाय." मग हळूच, "कंपनीचं नाव तं तुले मालूम असन?"

मी काहीतरी पुटपुटायचो. ते माझ्या चहाचे पैसे देऊन परतीच्या बसला जायचे. रात्री मला पुस्तक उघडवत नसे. तो जिवंत तरी आहे की नाही, हेच डोक्यात.

आता तो गुरुवार. पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. चौकात बैलांच्या सामानाची दुकानं लागली होती, आभाळ भरलेलं, वैनगंगेला पूर. दुपारी लाइट गेली. सरांनी खुर्च्या गोल मांडायला सांगितल्या. प्रमोदची खुर्ची कोणी उचलायला गेलं तर सर म्हणाले, "राहू दे. आज आपल्याला तेच शिकायचंय. एखादा राउटर बंद पडला तर काय होतं?"

दोन-तीन टाळ्या झाल्या. रिकामी खुर्ची अर्थातच काही बोलली नाही. नियमाप्रमाणे शेजाऱ्याने जाहीर करायचं असतं. मी कीर्तीला सांगितलं, "उकवा सोळा." पलीकडून नंदूनेही त्याच्या शेजाऱ्याला तेच सांगितलं.

पुढच्या टाळीला कीर्ती माझ्याकडे वळून म्हणाली, "उकवा चौदा."

सर खुश झाले. "बघा! हेच मला दाखवायचं होतं. उकवा गेलं, पण कोणाकडे तरी जुनी बातमी शिल्लक आहे. तो ती पुढे सांगतो, पुढचा त्यात एक मिळवतो, आणि मेलेली वाट अफवेसारखी फिरत राहते. आकडा वाढत वाढत सोळा होईल, मग मिटेल. वाजवू टाळी?"

टाळी.

"उकवा अकरा," कीर्ती म्हणाली.

"अकरा कसं? वाढायला हवं ना. नीट ऐका रे." टाळी.

"उकवा आठ."

आम्ही हसलो. कोणीतरी म्हणालं, "वारासिवनीले गणित येत नाही." कीर्ती चिडली. "मले जे सांगतलं त्यात एक मिळवूनच सांगून राह्यली मी! याले विचारा." तिच्या पलीकडच्याने त्याच्या पलीकडच्याकडे बोट केलं. त्याने पुढच्याकडे. सर एकेकाला विचारत गोलाच्या दुसऱ्या टोकाला नंदूपर्यंत गेले. नंदू रडकुंडीला आला होता.

"सर, मी तं सोळाच सांगून राह्यलो."

मिळवत गेलं की आकडा वाढतो. कमी होऊच शकत नाही. तुम्ही या क्षेत्रातले नसाल तरी हे पटेल. पण प्रत्येक टाळीला तो कमी होत होता. पाच. तीन. आता कोणी हसत नव्हतं. सरसुद्धा टाळी हळूच वाजवत होते, जणू थांबवायचीही भीती वाटत होती.

"उकवा... एक," कीर्ती म्हणाली, आणि तिने दाराकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. जिना रिकामा होता. खालून टपरीवरच्या स्टोव्हचा आवाज येत होता फक्त.

मला वाटतं एका माणसाने तेव्हा उठून खिडकीतून वाकून बघायला हवं होतं. कोणी उठलं नाही.

टाळी. "तीन."

आता तो वाढायला लागला. सहा. नऊ. वाढणं हे सरांच्या नियमात बसणारं होतं, तरी कोणाला बरं वाटलं नाही. काहीतरी अगदी दाराशी येऊन परत निघालंय, आणि घाईने निघालंय, असं मला वाटत होतं. शब्दात सांगता येत नाही. बारा. चौदा.

"पंधरा."

पुढचा आकडा सोळा. सोळा म्हणजे नाव पुसायचं. ते मी एकदा तोंडाने म्हटलं होतं, ते पुन्हा ऐकणं मला सहन होणार नव्हतं. सरांनी टाळीसाठी हात उचलले तेव्हा मी उभा राहिलो. मी क्लासमध्ये न विचारता कधी बोलायचो नाही. तेव्हा मात्र मोठ्याने म्हणालो, "नाही. उकवा माझ्या बाजूले आहे. एक."

सर म्हणाले, "अरे, खुर्ची रिकामी आहे."

"हौ सर."

"मग चुकीची बातमी देतोयस तू."

"हौ सर. तरी एक."

कीर्तीने माझ्याकडे पाहिलं. शेजारी सांगेल ते खरं मानायचं, हा नियम. ती तिच्या शेजाऱ्याकडे वळली आणि स्पष्ट म्हणाली, "उकवा दोन." त्याने तीन म्हटलं. पुढच्याने चार. टाळी न वाजताच ते गोलभर फिरलं आणि नंदूपाशी जाऊन थांबलं. त्यानंतर सरांनी दोनदा टाळी वाजवली. दोन्ही वेळा आकडे तेच राहिले. हलले नाहीत.

मग लाइट आली. पंखे फिरायला लागले आणि आम्ही खुर्च्या जागेवर लावल्या.

मी खाली धावलो. काका टपरीवरच होते.

"काका, कोणी आलतं का इथं?"

"कोण येनार? गिऱ्हाईक येऊन राह्यले अन् जाऊन राह्यले. काहून? काय झालं बाबू, घाम फुटला तुले?"

काय सांगणार? पण मला आता तोंड दाबून ठेवता येईना. शपथ मोडली. प्रमोद नापास झाला होता, नोकरी-बिकरी काही नव्हती, सगळं सांगून टाकलं. वाटलं, काका खचतील. त्यांनी हातातला कप बाकावर ठेवला.

"एवढंच?" ते म्हणाले. "मंग काय झालं? दुसऱ्यांदा देली असती परीक्षा. खाणीत मी किती खेपा चुकलो, त्याले का मालूम नाही?" आणि तिथेच, लोकांसमोर, रडायला लागले.

त्या दिवशी नेमकं काय झालं यावर आम्ही खूप बोललो. सरांचं म्हणणं, कोणीतरी मस्करी केली आणि नंतर कबूल करायची हिंमत झाली नाही. असेलही. पण मी एकेकाला कितीदा तरी विचारलंय. कीर्ती आज दोन मुलांची आई आहे, भेटली की हा विषय काढू नको म्हणते. मी पुढे परीक्षा दिली, पास झालो, पुण्यात आलो. आज माझं कामच हे आहे. खरे राउटर, खरे आकडे. बंद पडलेल्या नेटवर्कची वाट आपोआप जवळ येताना मी परत कधी पाहिली नाही. माझ्याकडे काही स्पष्टीकरण नाही, आणि ते सापडेल असं वाटतही नाही.

पुण्याला येऊन काही महिने झाले असतील. दुपारी ऑफिसात फोन आला. उकव्याच्या पीसीओवरून किसनकाका, आवाज इतका मोठा की बाजूच्यालाही ऐकू जावा.

"बाबू! पम्या आला! काल आला घरी."

मी खुर्चीवरून उठलो. कुठे होता, कसा आहे, मी एकदम सगळंच विचारलं.

"रायपूरले केबलचे खड्डे खंदत होता. वाळला हाय, पन हाय." मग काकांचा आवाज खाली आला. "तो पहिले एकडाव आलता बालाघाटले, पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. पूर होता नं, त्या साली. बसस्टँडवरून पायी तुमच्या क्लासपाशी आला. टपरीवर मले बसलेलं पाह्यलं अन् रस्ता ओलांडाची हिंमत नाही झाली त्याची. तसाच फिरला. सीधा वैनगंगेच्या पुलावर गेला... समजलं नं तुले, काहून गेला तो?"

"हौ काका."

"कठड्यावर चढलता म्हणते."

मी विचारलं, "मंग?"

"मंग उतरला. मी रातभर तेच इचारून राह्यलो त्याले, काहून उतरला बाप्पा? त्याले सांगता येत नाही. म्हणते, मालूम नाही बाबा, उतरलो."