‘काय गं’चं हिंदी

मी सरकारी अनुवादक. जन्मभर इंग्रजी परिपत्रकं हिंदीत आणली, पण मराठीचं काम कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते आलं आमच्या मयूर विहारच्या सोसायटीतल्या वकीलबाईंमुळे.

“दीदी, मेरी एक क्लायंट है, आपकी तरफ़ की,” त्या म्हणाल्या. “सारे मेसेज मराठी में हैं. जज साहब कैसे पढ़ेंगे?”

मुलगी तिशीतली, पुण्याची, नोएडाच्या एका कंपनीत कामाला. साहेबही पुण्याचेच. परक्या शहरात आपलं माणूस भेटलं म्हणून आधी तिला बरंच वाटलं होतं. मग त्यांचे मेसेज सुरू झाले. तिने दाद दिली नाही, तेव्हा तिची बढती तिच्याहून नव्या मुलाला मिळाली. ऑफिसच्या समितीने ‘ही थट्टामस्करी आहे’ म्हणून तक्रार निकालात काढली, तेव्हा ती कोर्टात गेली.

मी कागद घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. ‘काय गं, आज कोणासाठी नटलीस?’ नटण्याला हिंदीत शब्द आहे. ‘गं’ला काय लिहू? दिल्लीतच वाढलेल्या माझ्या लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, “आई, ‘यार’ लिहून टाक ना!” मी शेवटी तळटीप लिहिली: बाईशी सलगीने बोलताना वापरतात.

त्या तळटिपेपायीच मला साक्षीला बोलावलं. मी इस्त्रीची साडी नेसून, मेट्रोने, तासभर आधीच पोहोचले. मुलगी बाकावर बसून बाटलीचं झाकण लावत होती, काढत होती.

समोरचे वकील फार गोड बोलणारे. “मॅडम, मराठी में तो बड़े लोग बहन-बेटी को भी ‘तू’ और ‘गं’ बोलते हैं न? अपनेपन से?”

“बोलते हैं जी. मेरी माँ मुझे आज भी बोलती हैं.”

“बस, यही कहना था हमें.” ते वळलेसुद्धा.

“मगर साहब,” मी न्यायाधीशांना म्हणाले, “टीम के ग्रुप के पन्ने भी मैंने ही किए हैं. टीम में दो मराठी लड़के और हैं, इससे छोटे. उन्हें हर जगह ‘अहो’ और ‘तुम्ही’ लिखा है, यानी ‘आप’. ‘तू’ सिर्फ़ इसे.”

वकील म्हणाले, साक्षीदाराने भाषांतरापुरतंच बोलावं. न्यायाधीश म्हणाले, “यह भाषांतर ही है. और यह लड़की क्या जवाब देती थी?”

मी वाचलं. साहेब लिहितात, ‘अगं, सर काय म्हणतेस, नावाने हाक मार.’ तिचं उत्तर: ‘ठीक आहे सर.’

हिंदी ऐकल्यावर कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशही हसले. मुलगीसुद्धा हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. मी मात्र पुढचं पान उलटलं, कारण त्यावर होतं, ‘भाव खाऊ नकोस. माझ्याशी नीट वागलीस तर बढतीचं बघतो.’ ते वाचल्यावर कुणीच हसलं नाही.

निकाल यायला आणखी आठ महिने लागले. नुसत्या माझ्या ‘गं’वर काही झालं नाही. त्या दोन मुलांतल्या एकाने, घाबरत घाबरत का होईना, साक्ष दिली. बढतीच्या कागदांवर तिचे गुण आधी जास्त होते आणि मग खोडून कमी केलेले, हेही निघालं. छळ सिद्ध झाला, बढतीचा निर्णय रद्द झाला. साहेबांनी तोवर गुरुग्रामला दुसरी नोकरी धरली होती. याचा मला फार संताप आला.

“जाऊ द्या हो ताई,” ती फोनवर म्हणाली. “पाठीमागे कुणी येऊन उभं राहिलं की दचकायचे मी. आता वळूनही न बघता काम करते.”

सध्या ती त्याच कंपनीत, बढतीच्या जागेवर, आठ जणांची टीम सांभाळते आणि आमच्या सोसायटीत भाड्याने घर मिळेल का, म्हणून वकीलबाईंच्या मागे लागली आहे.